पाण्याची पातळी

'काझुरा'चा नववा भाग रात्री साडेबाराला आला.
दिवाडीवर नेट असं की
शेवटच्या दोन टक्क्यांना पहाट झाली.
लढाया, खजिने, बोलणाऱ्या म्हाताऱ्या, सगळं टाळत
मी धापा टाकत पाण्याच्या पातळीपर्यंत आलो
आणि थांबलो.

तिथे सूर नव्हता.
श्वास होता,
ऐंशी वादकांचा म्हणे,
लांब, रुंद, महाग.

जोव्हितने स्विंडनहून आवाज पाठवला:
"ऐकलंस, पात्रांव? गोदामाच्या पार्किंगमध्ये रडलो मी."
मी लिहिलं, "रडण्यासारखंच आहे."
त्याला ते कौतुक वाटलं.

तिसरा भाग आम्ही त्याच्या घरी खेळायचो, पिएदादला,
मॉनिटरवर त्याच्या आईचं क्रोशाचं झाकण.
त्या मशीनमध्ये एका वेळी तीनच सूर मावत,
चौथा आला की पहिल्याने मरायचं.
तेवढ्यात कुणीतरी नदी बसवली होती.

मेस्त एव्हारिश्त दाढी अर्धी टाकून बाहेर आले,
चर्चमध्ये पोरांना व्हायोलिन शिकवणारा माणूस,
गालावर फेस, हातात वस्तरा.
"हें कोण वाजयता?"
कोणी नाही अंकल, मशीन.
ते उभेच. मग विजेचं बिल उलटं करून
मागे पाच रेघा ओढल्या, वाकड्या,
आणि सगळं उतरवून घेतलं.
"बास चुकीचा आहे," म्हणाले,
"पण पोर देखणी आहे."

चौथ्या भागात गिटारी घुसल्या.
मी कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं, शब्दकोश घेऊन.
उत्तरादाखल किल्ल्यांची साखळी आली.
सहाव्यात तर थेट कळंगुटचा शनिवार:
धड धड धड, खाली पाणी आहे की दारू, कळेना.
सातवा मी खेळलोच नाही. (खेळलो. आवाज बंद करून.)

आणि आता पाहा,
सकाळच्या फेरीत चौथ्याच्या त्या गिटारी कानात आल्या
की मी कठड्याकडे तोंड करून उभा राहतो.
शामलने पहिल्यांदा "हे कुठलं?" विचारलं
ते त्यांच्याचबद्दल.
ज्याला शिव्या घातल्या
त्याच्यावरच माझा संसार उभा आहे, थोडाफार.

पण तिसरा तो तिसरा.
जोव्हितला पटवायचं म्हणून रविवारी
माळ्यावरचं मशीन उतरवलं, मुंग्या झटकल्या.
बिल मांडीवर. मेस्त जाऊन सहा वर्षं झाली,
शाई चहासारखी झालीय.

पाचवा सूर.
बिलावर मी.
खेळात फा.

पुन्हा लावलं. फा.
पुन्हा.
चोवीस वर्षं मी जे गुणगुणलो,
फेरीत, परीक्षेत, इस्पितळाच्या बाकावर,
मुलीला थोपटताना,
ते त्या खेळात कधी नव्हतंच.
तिथे फा होता. मी नव्हतो.

जोव्हितला फोन केला. बराच वेळ गोदामातल्या गाड्यांचा आवाज.
मग म्हणाला,
"त्या दिवशी पप्पाच्या कानात फेस होता, आठवतं?"
आणि असा हसला की
कुणीतरी पलीकडून त्याला ओरडलं.

आज साडेसातच्या फेरीत पुन्हा नववा लावला.
इंजिन पायांतून वर येत होतं,
शेजारी कुणाच्यातरी पिशवीत बांगडे.
त्या रुंद श्वासात, कुठेही न अडखळता,
एव्हारिश्तचा चुकीचा मी
मी हळूच म्हणून पाहिला.
बसला. जागा होती.

जुन्या गोव्याला फळी धाडकन पडली,
स्कूटरवाल्यांनी एकदम हॉर्न दिले.
गर्दीतून उतरता उतरता
मी जोव्हितला लिहिलं:
बास चुकीचा आहे.